आधी, नंतर आणि कंबर

टेलरबाईंनी शेवटी जाहीर माफी मागितली आणि प्रकरण मिटलं. असं काहीही घडलेलं नाही. वरचं वाक्य कुणी वाचलं असल्यास विसरून जावं आणि तिघंजण दुकानात शिरले, तिथून धरून चालावं.

दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक स्टूल आणि बाहेर पाटी : 'फक्त सैल आणि घट्ट'. नवीन कपडे टेलरबाई शिवत नसत. एका स्टुलावर तीन माणसं बसवता येत नाहीत, म्हणून तिघंही उभे राहिले. पुढे गाळ्याचे मालक, त्यांच्यामागे जिमवाला आणि सगळ्यांत मागे मुख्याध्यापिका.

"पोस्ट काढा," मालक म्हणाले.

पोस्ट टेलरबाईंच्या लेकीनं टाकली होती. धंदा पार बसला होता आणि तिला फोनवर 'व्यवसायाच्या पोस्टसाठी भन्नाट कल्पना' सापडल्या होत्या. पहिली कल्पना : पडद्यामागची गंमत दाखवा. दुकानात पडद्यामागे लोक कपडे बदलत, म्हणून ती सोडून दिली. दुसरी : आपल्या टीमची ओळख करून द्या. टीम म्हणजे आई, आणि टीमनं फोटोला साफ नकार दिला. तिसरी : 'आधी आणि नंतर'. ही जमली. तिनं सैल करून झालेले कपडे ओळीनं टांगले, एकेकावर टेप धरून फोटो काढले आणि खाली लिहिलं : कंबर, दीड इंच. कंबर, अडीच इंच. एक चेहरा नाही, एक नाव नाही. अगदी सभ्य पोस्ट. फक्त या गल्लीत माणसं एकमेकांना चेहऱ्यापेक्षा कपड्यांवरून जास्त ओळखतात, हे तिच्या ध्यानात आलं नाही. मालकांची मोरपंखी पँट तर लांबून दिसली तरी भाडेकरू शटर ओढून घेत.

आत्ताही मालक तीच घालून आले होते.

"मला लोक फोन करून विचारतायत," जिमवाला म्हणाला. "सर, तुमच्याकडचा कोर्स नेमका कमी करायचा आहे की वाढवायचा? आणि ती कंबर नाहीये. मसल आहे."

"मसल असती तर मांडीत सैल करायला आणली असतीस," मशीनवरची मान न उचलता टेलरबाई म्हणाल्या. "मी पोटात सोडलीये."

लेकीनं हळूच फोन उचलला. "आई, काढून टाकते मी. दुसरं काहीतरी शोधू. 'ग्राहकांना मजेदार प्रश्न विचारा' अशीपण एक कल्पना आहे..."

"हात लावू नकोस," टेलरबाई म्हणाल्या.

मालकांनी आवाज चढवला नाही. गाळा ज्याचा असतो, त्याला चढवावा लागत नाही. "आज पोस्ट काढा आणि तिथेच जाहीर माफी टाका. नाहीतर एक तारखेला गाळा रिकामा. आणि माफी नीट कार्यालयीन भाषेत हवी. उगाच हसरी तोंडं वगैरे चिकटवू नका."

मशीन थांबलं. लेकीला वाटलं, संपलं. गाळा गेला तर मशीन ठेवायला घरात जागा नव्हती. घरात टेलरबाईच जेमतेम मावत.

टेलरबाईंनी समोरची उसवलेली पँट उचलली आणि कंबरेची पट्टी उलटी करून मालकांच्या नाकासमोर धरली.

"हे बघा. शिवणीच्या आत एवढं कापड राखलंय. ज्यानं शिवली त्याला ठाऊक होतं, गिऱ्हाईक आज ना उद्या वाढणार. त्यानं नावं नाही ठेवली, जागा ठेवली. मी आपली ती उघडून देते. तुमची आता आवळते का?"

"नाही, आता एकदम ब..." मालक म्हणून गेले आणि थांबले.

जिमवाला दुकानात आल्यापासून पोट आत ओढून उभा होता. आता त्याला श्वास घ्यायचा होता आणि कसा घ्यावा, हे समजत नव्हतं.

"एक मिनिट," मागून मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ती राखाडी पँट माझी आहे. तिच्याखाली अडीच इंच लिहिलंय."

"सॉरी मॅडम," लेक म्हणाली. "खरंच सॉरी."

"तीन होते. शाळेतल्या माणसाच्या नावावर चुकीचं उत्तर चालायचं नाही. दुरुस्त कर."

"मॅडम, तुम्ही आमच्या बाजूनं आलात ना?" मालक वळून म्हणाले.

"आले होते. पण उभं राहून राहून पाय दुखले." असं म्हणून त्या पुढे झाल्या आणि स्टुलावर ऐसपैस बसल्या. तीन इंच सोडलेल्या पँटमध्ये बसायला किती बरं वाटतं, ते त्यांनी चेहऱ्यावर अजिबात लपवलं नाही.

"घे लिहून," टेलरबाई लेकीला म्हणाल्या. "यांना माफी हवीये ना? कार्यालयीन भाषेत."

"आई, अगं, गाळा गेला तर?"

"गेला तर गेला. मशीनला चार पाय आहेत. तू लिही."

लेकीनं एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा आईकडे, आणि लिहायला घेतलं. टेलरबाई मशीनचं चाक फिरवत सांगत गेल्या :

"विषय : कंबर. उपरोक्त कंबरा वाढल्याबद्दल दुकान जबाबदार नाही व दिलगीरही नाही. राखाडी पँट तीन इंच अशी वाचावी. सदर पोस्टबाबत ज्यांची हरकत असेल, त्यांची टेप लावून खात्री करण्यात येईल व पोस्ट तत्काळ काढण्यात येईल. तरी हरकतदारांनी पंधरा दिवसांच्या आत आपापल्या मूळ मापात दुकानात समक्ष हजर राहावे, ही नम्र विनंती."