जहाज नसलेला गुरुवार

दुब्रोवनिकच्या जुन्या शहरात एक रात्र राहायचं, म्हणून लूत्सेबाई आठवडाभर बेत आखत होत्या. गर्दी टाळायला, बंदरात पर्यटकांचं एकही जहाज लागणार नाही, असा गुरुवार त्यांनी वेळापत्रकातून हुडकून काढला.

"बसनं वीस मिनिटांची वाट, आणि तयारी अमेरिकेला निघाल्यासारखी!" नवरा निक्शा हसला.

"तुम्ही आधी टोपी शोधा. पर्यटकासारखं दिसायला नको?" लूत्सेबाईंनी लेकाला फोन लावला. "व्लाहो, गुरुवारी मिळेल का रे जागा?"

"नशीबवान आहेस, आई! एका जोडप्यानं आजच रद्द केलंय. किल्ली दाराशेजारच्या पेटीत असते. पेटीच्या कुलपाचे आकडे पाठवतो."

"आकडे कशाला? सासूबाईंनी दिलेली किल्ली आहे की माझ्याकडे!"

व्लाहो जरा घुटमळला. "अगं, आपलं जुनं घर पाहुण्यांना भाड्यानं द्यायला लागलो, तेव्हाच दाराचं कुलूप बदललं."

लूत्सेबाईंनी पिशवीत टाकलेली जुनी किल्ली काढून पुन्हा खणात ठेवली. "बरं. मग पाहुणीचा अभिप्राय आत्ताच लिहून घे. घर झकास आहे. मालकाला मात्र त्याच्या आईनं वळण लावलेलं नाही."