चौथा पाय

बसा गा, पाय मोकळे करा. जरीपटक्याच्या एका गल्लीतली गोष्ट सांगतो. ऐका, अन् मंग तुम्हीच सांगा, सासरा कोणाले म्हणाव.

भर दुपारची येळ. आंगणातल्या शेडमंधी टेबल उभं होतं. साधं नाही, वेल्डिंगचं. वर अर्ध्या इंचाची लोखंडी प्लेट, खाली चौकोनी पाइपाचे चार पाय. घरची सून काजल, तिनं आठ दिवस खपून बनवलं होतं. त्याच्या बराबर डोक्यावर, साखळीच्या कप्पीले, ट्रकचं जुनं इंजिन लटकून राहिलं होतं. चार क्विंटलचं धूड! साखळी विश्वनाथच्या हातात, सासऱ्याचा जुना कारागीर थो. अन् त्याचा टेम्पो फाटकाशी उभा.

सौदा साफ होता. टेबल दबून खाली बसलं, तर सासऱ्याची वेल्डिंगची मशीन विश्वनाथ आजच विकत उचलून नेईन. टेबल टिकलं, तर मशीन काजलची, शेडही काजलची.

सासरा म्हणजे चंद्रभान. तीस वर्सं गेट अन् शेड जोडले त्यानं. हात थरथर कापाले लागला तवापासून मशीन गोणपाटाखाली पडून. पोरगा सुशील एसटी चालवते, त्याले या कामाचा गंध नाही. सून आयटीआय शिकून आलेली. म्हातारा म्हणे, "थे कागदावरचं वेल्डिंग. कागद वजन नाही झेलत."

अन् त्याचा एक कायदा होता. वजन झेलणारी कोणतीही चीज बनवली, का पहिलं वजन पडतानी बनवणारानं खाली बसाव. ज्याचा जोड, त्याचं डोकं. त्याच्या हाताखालचा एकेक कारागीर असा बसला होता. विश्वनाथही बसला होता. उठला तवा त्याचा पैजामा वला होता म्हणतात.

काजलले भेव नव्हतं. पहिले चारी पाय दोन-दोन टाके मारून नुसते उभे केले. मंग आमनेसामनेचे कोपरे धरून पक्के जोडले, का तापून प्लेट वाकू नये. मधात दोन तास लाइन गेली होती, मशीन बंद. आली तसं तिनं पुढचं काम धरलं, अन् संध्याकाळी वरून लाल प्रायमर मारला. सारं कसं साजरं दिसत होतं.

म्हाताऱ्यानं कानामागचा खडू चाचपला, चष्मा पुसला, अन् टेबलाखाली वाकला.

"रंग कोणाले विचारून मारला वं? रंगानं जोड झाकते."

"जंग लागू नये म्हणून, मामाजी."

त्यानं हातोडी घेतली. पह्यला पाय वाजला, टण्. दुसरा, टण्. तिसरा, टण्. चौथ्यावर हातोडी पडली अन् तितक्यात टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबला.

"अबे दम धर!" विश्वनाथ वरडला. "चंद्रभानभाऊ, कवापर्यंत ठोकता? बसू द्या तिले, नाहीतर मशीन भरू द्या."

म्हातारा वाकलेलाच होता. लय येळ. काजलनं पदर खोचला अन् खाली शिराले गेली.

"हट," म्हातारा बोलला.

"काहून? माहा जोड हाय, माहं डोकं."

"आंगण माहं हाय. हट म्हणलं ना!"

काजलच्या डोळ्यात टच्चकन पाणी आलं. इतक्या जणायले बसवलं, अन् सुनेले तेवढी लायकी नाही! विश्वनाथ दात काढून हसला. "भाऊ, या वयात काहून जिवाशी खेळता?"

म्हातारा गुडघ्यावर आला. रांगत आत गेला. चौथ्या पायाले पाठ लावली, दोन्ही टाचा समोरच्या पायाले रोवल्या. जसा ओसरीवर खांबाले टेकून बसते, तसा बसला. "सोड," म्हणे.

साखळी खडखडली. इंजिन इंचा-इंचानं खाली आलं. प्लेटले टेकलं. टेबल करकरलं. काजलनं डोळे मिटले. म्हाताऱ्याच्या मानेची शीर दोरीसारखी फुगली होती, पण खाली वाकून पाहाले कोण बसलं होतं?

"सारी सोड बे!"

साखळी ढिली पडली. टेबल उभं राहिलं.

घटकाभरानं आतून आवाज आला, "पाहिलं ना? आता उचल." इंजिन वर गेलं तवा म्हातारा बाहेर निघाला. कंबर सरळ होत नव्हती. बोटं खडूनं पांढरी झाली होती.

"विश्वनाथ, टेम्पो रिकामा ने. मशीन इथंच राहीन."

विश्वनाथचं थोबाड उतरलं. टेम्पो गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत म्हातारा फाटकाशी उभा राहिला. मंग घरात जाता जाता, सुनेकडं न पाहता बोलला, "टेबलाखालून एकदा झाडून घेजो, काजल. वजन मंग ठेव."

काजल झाडणी घेऊन वाकली, अन् तिथंच बसली.

चौथ्या पायाच्या जोडाभोवती खडूचा गोल होता. गोलातला प्रायमर नखानं खरडलेला. आत दोन टाके, हरभऱ्याएवढे. लाइन गेली तवा सुटलेला कोपरा. चौथा पाय पक्का जोडलेलाच नव्हता. तो तेवढा येळ म्हाताऱ्याच्या पाठीवर उभा होता.

तिनं तवाच मशीन लावली अन् तो पाय पक्का जोडला. पण गोल पुसला नाही. धूर लागून काळा पडला, का थे पुन्हा खडू फिरवते.

कधी तिकडं गेले तर गेट-बिट तिच्याकडूनच बनवून घ्या, अन् वाकून थो गोल पाहून घ्या. म्हाताऱ्याले वाटते, तिनं कवाच पुसला. त्याच्यापुढं तेवढं त्या गोलाचं नाव काढू नका, बापा.