रूपालीचा आठवा महिना

"आडव्या व्हा ताई, बोलू नका," म्हणत ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने, मनोजने, स्ट्रेचर अंगणात टेकवलं. रूपालीच्या हातात सूप होतं, सुपात तांदूळ. ती कशाला आडवी होईल? सकाळपासून तिने चार हंडे पाणी आणलं होतं आणि अर्ध्या वाडीची घरं फिरून झाली होती.

"रूपाली दशरथ निरगुडा तुम्हीच ना?" ॲम्ब्युलन्समधून उतरलेल्या डॉक्टर सुरभीने हातातल्या टॅबकडे बघत विचारलं.

"मीच. मी हितली आशाताई हाय."

"मग झोपा. तुमची तब्येत फार गंभीर आहे."

रूपाली घाबरली. एवढी शिकलेली बाई सांगते म्हणजे काहीतरी असणारच. तिने स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं.

कुंभिवलीच्या वर, डोंगरालगतच्या या करवंदवाडीत कच्च्या वाटेने आजवर कधी ॲम्ब्युलन्स चढली नव्हती. आजारी माणसाला झोळीत घालून खालच्या डांबरी रस्त्याला न्यायचं, हीच इथली रीत. याच आठवड्यात रूपालीने समोरच्या घरातल्या पारूसाठी ॲम्ब्युलन्सला दोनदा फोन केला होता. पारूला आठवा महिना. पाय सुजलेले, बीपी वाढलेलं, आणि आज सकाळपासून डोकं फुटतंय म्हणून ती रडत होती. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "कॉम्प्युटरवर पारूला काही धोका दिसत नाही. रस्त्यापर्यंत आणा." झोळीचे हिसके पारूला सोसतील असं रूपालीला वाटत नव्हतं. वाटेत काही झालं तर आई आणि बाळ दोघंही जातील, या भीतीने तिने पारूला घरीच ठेवलं होतं. आणि आता न बोलावता गाडी दारात आली होती, ती पण तिच्यासाठी!

या वर्षापासून आशाताईंच्या नोंदी एआय वाचत होतं. जुन्या रजिस्टरांचे फोटो, फोनवर भरलेले फॉर्म, सगळं एकत्र करून ते एकेका रुग्णाची हकीकत लिहायचं. ज्याची हकीकत सगळ्यात वाईट, त्याच्याकडे गाडी आधी. सुरभी रूपालीची हकीकत वाचू लागली.

"रुग्णास आठवा महिना असून रक्तदाब जास्त आहे. क्षयरोगाची औषधे मध्येच सोडली आहेत. दोनदा साप चावला आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. सहा वर्षांत एकोणीस बाळंतपणे झाली आहेत. गोवराची लस बाकी आहे."

सुरभी थांबली. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मजकूर इतका सफाईदार होता की चूक वाचणाऱ्याचीच वाटावी.

"एकोणीस?" मनोज म्हणाला, आणि रूपालीकडे जरा आदराने बघू लागला.

रूपालीने मात्र एकेक ओळ ओळखली. मोतीबिंदू भागूबाईचा होता. साप नवशाला चावला होता. औषधं धोंडीबाबाने सोडली होती. बाळंतपणं सगळ्या वाडीची होती. मोबाईल नंबर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. वाडीत फोन दोन-चार, आणि माणसं वीटभट्टीवर जाऊन आली की त्यांचेही नंबर बदललेले. म्हणून ती सगळ्यांच्या नावापुढे स्वतःचाच नंबर टाकायची. एआयने एक नंबर बघून सगळी वाडी एका बाईत कोंबली होती. पारूचं वाढलेलं बीपी रूपालीच्या खात्यात गेलं होतं, आणि पारूच्या नावावर काही उरलंच नव्हतं.

तिने हे सगळं कसंबसं सांगितलं. ऐकून सुरभीच गोंधळली. "अहो, मग पेशंट कोण?"

"नोंद रूपालीताईंची आहे, मॅडम," मनोज म्हणाला. "दुसऱ्या कोणाला चढवलं तर जाब मला द्यावा लागेल. रिकामी नेलेली बरी." तो स्ट्रेचर उचलायला वाकला.

रूपालीने सूप खाली आपटलं. तांदूळ अंगणभर सांडले.

"तुमच्या त्या पाटीवर माझा आठवा महिना लिवलाय ना? मंग माझा आठवा महिना त्या समोरच्या घरात निजलाय. उचला चला!"

सुरभीने एकदा टॅबकडे पाहिलं, एकदा समोरच्या दाराकडे. मग टॅब पिशवीत कोंबून ती धावत सुटली.

पारू वाचली. मुलगी झाली, तीही चांगली रडली. हॉस्पिटलच्या कागदावर आईचं नाव रूपाली होतं, हे तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात सुरभी नोंदी दुरुस्त करायला वाडीत आली. शाळेच्या ओट्यावर बसून दोघींनी दिवसभर एकेक माणूस रूपालीतून बाहेर काढला. संध्याकाळी एआयने सगळ्यांच्या नव्या हकीकती लिहिल्या. आता एकेकाच्या वाट्याला दोन-दोन, तीन-तीन नोंदी आल्या होत्या. प्रत्येकाखाली तेच वाक्य होतं, "माहिती अपुरी. तूर्त धोका दिसत नाही."

"झालं बघा सगळं बरोबर," सुरभी समाधानाने म्हणाली आणि गेली.

रूपाली ओट्यावर बसून राहिली. चुकलं होतं तेव्हा गाडी अंगणात आली, बरोबर झाल्यावर वाडीत कोणी आजारीच नाही. याला काय म्हणावं, तिला उमजेना.

तेवढ्यात धोंडीबाबा खोकत खोकत आला. त्याने हातातलं फडकं उलगडून दाखवलं. फडक्यावर ताजं रक्त होतं. रूपालीने घाईघाईने फॉर्म उघडला.

"बाबा, मोबाईल नंबर?"

धोंडीबाबाने कमरेचा नवा फोन काढला. साजगावच्या कारखान्यात लागलेल्या नातीने कालच आणून दिला होता. नंबर त्याने पाठ केला होता. दहाच्या दहा आकडे त्याने अभिमानाने, दोनदा सांगितले.

रूपालीने मान डोलावत ते ऐकून घेतले, आणि फॉर्मवर स्वतःचा नंबर टाकला.