बिस्किटांवर रस्सा

बिस्किटांवर पांढरा रस्सा ओतलेला पाहून विनिफ्रेड मेटकाफने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“हे काय आहे?”

“बिस्किटं आणि ग्रेव्ही,” तिची सून डार्ला म्हणाली. “आमच्या ओहायोत न्याहारीला करतात.”

“बिस्किट म्हणजे चहात बुडवतात ते, पोरी. हे तर स्कोन दिसतायत. स्कोनवर साय घालतात, जॅम घालतात. सॉसेजचा रस्सा ओतत नाहीत. काही रीत असते.”

“मग जेली आणू?”

“न्याहारीला जेली?” विनिफ्रेडच्या डोळ्यांसमोर पोरांच्या वाढदिवसाची ती थुलथुलणारी लाल जेली आली. डार्लाने आणून ठेवली स्ट्रॉबेरीची बरणी.

“याला जॅम म्हणतात,” विनिफ्रेड म्हणाली आणि स्कोन कसा खातात ते दाखवायला म्हणून अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा तिने ताटलीत सरकवला. तरी डार्लाने टेबलाखालून नवऱ्याचा पाय दाबला. सासूने घास घेतला होता.

हिवाळ्याच्या सुरुवातीला विनिफ्रेडचा नवरा अर्नल्ड वारला होता. बाईने अन्न सोडलंय, नुसत्या चहावर आहे, असं कानावर आल्यावर तिचा मुलगा अ‍ॅलन आणि डार्ला अमेरिकेतलं बिऱ्हाड आवरून यॉर्कशरला आले. अ‍ॅलनला गावच्या शाळेत शिकवायचं काम मिळालं. त्याला नवल वाटलं होतं ते बायकोचं. डार्लाची आई आदल्या वर्षी गेली, तेव्हापासून ती कशालाच चटकन हो म्हणत नव्हती. इकडे यायला मात्र लगेच हो म्हणाली. सामानही तिनेच बांधलं.

आल्यावर घरात बोलाचाली सुरू झाली ती खाण्यावरून.

“कस्टर्ड पातळ वाटतंय,” विनिफ्रेडने एकदा खुर्चीतूनच सांगितलं. “थोडं कॉर्नफ्लोर लाव.”

डार्लाने मक्याचं पिवळंधमक पीठ मूठभर टाकलं. कस्टर्डचा घाटा झाला.

“अगं, हे काय कोंबड्यांना घालायचंय?”

“आमच्याकडे कॉर्नफ्लोर म्हणजे हेच. तुम्ही म्हणता त्या पांढऱ्याला आम्ही कॉर्नस्टार्च म्हणतो.”

“सरक.” विनिफ्रेड उठली. अर्नल्ड गेल्यावर पहिल्यांदाच तिने एप्रन बांधला आणि नवं दूध चुलीवर चढवलं. “तुमच्या देशात माणसं जगतात कशी, देव जाणे.”

तेव्हापासून हे रोजचंच झालं. सकाळी दोघींची शब्दांवरून जुंपायची. दुपारी विनिफ्रेड शेजारी ग्लॅडिसकडे विणकामाला जायची. ग्लॅडिस तिची शाळेपासूनची मैत्रीण. संध्याकाळी परत येऊन ती सुनेच्या हातचे चार घास चाखायची, दोन चुका काढायची आणि ताटली बाजूला सारायची. दुसऱ्या दिवशी डार्ला आणखी काहीतरी नवं करायची.

एका शनिवारी अ‍ॅलन भाजीच्या दुकानात शिरला, तर आत त्याची बायको भाजीवाल्याशी हुज्जत घालत होती. “हे ऑबर्जीन नको, निबर आहे. कोवळं बघून दे.” बोलण्याला हेल थेट यॉर्कशरचा.

आणि घरी येऊन तेच वांगं टेबलावर ठेवत म्हणाली, “आज एगप्लान्ट करते.”

“अंड्याचं झाड?” विनिफ्रेड म्हणाली. “यात अंडं कुठे दिसलं तुला? ऑबर्जीन म्हण. आण इकडे, चिरून देते.”

अ‍ॅलनने डार्लाला परसात गाठलं. “दुकानात तर बरोबर बोललीस.”

“लग्नाआधी मी ओहायोत त्या इंग्रज बाईच्या चहाच्या दुकानात राबले, ते काय नुसत्या बशा धुतल्या? मला सगळं येतं,” डार्ला म्हणाली. “पण मी बरोबर बोलले की आई खुर्चीत बसून राहतात. चुकले की उठतात. उठल्या की चव बघतात. चव बघायच्या निमित्ताने पोटात काहीतरी जातं.”

“आणि कस्टर्ड?”

“मक्याच्या पिठासाठी बस धरून तीन दुकानं पालथी घातली. आईंना सांगू नकोस.”

अ‍ॅलनने सांगितलं नाही. त्याला बायकोचं कौतुक वाटलं.

उन्हाळा आला. डार्लाला बसचे सगळे रस्ते पाठ झाले, भाजीवाला तिच्यासाठी चांगला माल बाजूला काढू लागला. कणीक मळताना ती गुणगुणायची. मग एके दिवशी तीच म्हणाली, “दोन दिवस व्हिटबीला जाऊ या का? समुद्रावर?” आणि लगेच तिचा चेहरा उतरला. “पण आई जेवतील ना?”

म्हणून अ‍ॅलन दुपारी शेजारी गेला. ग्लॅडिसच्या स्वयंपाकघरात मटण भाजल्याचा वास भरला होता.

“आम्ही दोन दिवस समुद्रावर जातोय,” तो म्हणाला. “आईच्या जेवणाकडे लक्ष ठेवाल? अजून अर्धपोटीच उठते.”

ग्लॅडिसने हात पुसले. “तुझ्या बायकोला टवटवी आलीय हल्ली. काल बसथांब्यावर गात होती.”

“हो. इथे आल्यापासून सावरली.”

“मग आता बोलायला हरकत नाही. बस. तुझी आई येईलच एवढ्यात. अर्नल्डला पुरलं तेव्हापासून तिचं दुपारचं जेवण माझ्याकडेच असतं, आणि दोनदा वाढून घेते. उपाशी असल्याचं तुमच्या कानावर घालायला तिनेच मला सांगितलं. म्हणाली, ‘माझी सून आई गेल्यापासून अंथरुणातून उठत नाही. तिच्यासमोर एखादं उपाशी माणूस ठेवलं, की उठेल.’”