विहिरीजवळचा आंबा

विहिरीजवळच्या आंब्याला दोनशे सोळा शेंडे होते. कृषी संशोधक स्वरूपाने प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली होती.

लवकर मोहोर आणणारी फवारणी येऊन वीस वर्षं झाली होती. आता कोकणातली कलमं फक्त मोहरत होती. पालवी फुटतच नव्हती. जुनी पानं गळली की झाड वाळायचं. नवी कलमं बांधायला पालवी फुटणारी एक तरी काडी हवी होती, आणि फवारणी न झालेलं हे एकच झाड सापडलं होतं.

"औषधाचो एक थेंब लागूक नाय ह्येका," बागेचे मालक भिकूकाका आईच्या झाडावर हात ठेवत म्हणाले. "माझ्या आवशीचा झाड ह्या, बाये."

"माका कधी इतक्या जपूक नाय ह्येनी," काकू विहिरीवरून म्हणाल्या.

स्वरूपा हसली. आत पालवी आहे की मोहोर ते पाहायला तिने पहिल्या शेंड्याचा फुगलेला कोंब सुईने उघडून भिंगाखाली धरला. मग तिने दुसरा उघडला.

"काका, बागेतली फवारणी झाल्यावर पंप कुठे धुता?"

"हयच, विहिरीवर."

"आणि ते पाणी?"

"फुकट कित्याक घालवायचा? ह्याच्याच मुळात ओततंय. दर वर्साक..."

काकूंच्या हातातला रहाटाचा दोर सुटला आणि कळशी खाली आपटल्याचा आवाज आला.

स्वरूपाने उरलेले कोंब एकेक करून तपासले. शेवटची नोंद तिने दुपारी सव्वाचारला केली.

मोहोर : दोनशे सोळा. पालवी : शून्य.