लावॉनच्या आवडीचं किट

"बायकोला फुलं आवडतात की साधे कागद?" ट्रूडीनं विचारलं.

एल्डननं टोपी काढून काउंटरवर ठेवली. समोर तीन डबे उघडे होते. एकात गुलाबी फुलांचे कागद, लेस आणि मणी. दुसऱ्यात चकचकीत सोनेरी अक्षरं. तिसऱ्यात तपकिरी आणि निळसर जाड कागद, रस्त्यांचे नकाशे, छोटे बाण, तारखा लिहायच्या चिठ्ठ्या.

"फुलं," तो म्हणाला. ते खरंच होतं. लावॉनच्या पडद्यांवर फुलं, बशांवर फुलं, रविवारी चर्चला जाताना घालायच्या झग्यांवरही फुलं.

"मग हा पहिला डबा. वर्षाची वर्गणी लिहून टाकू?"

"थांब जरा."

लावॉनला गेली सहा वर्षं दर महिन्याला स्क्रॅपबुकचं, म्हणजे फोटो चिकटवून सजवायच्या वहीचं, किट येत होतं. ते पाठवणाऱ्या बाईंनी आता वयामुळे काम बंद केलं होतं. आज सकाळी ओव्हनमध्ये भाजायच्या गोड 'पाय'साठी पीठ लाटता लाटता लावॉन म्हणाली, "गावात चाललायस ना? मग ट्रूडीच्या दुकानात जा आणि माझ्यासाठी नवं किट ठरवून ये. मला शोभेलसं."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"एकेचाळीस वर्षं संसार केलास माझ्याबरोबर. आता तरी कळू दे!"

एल्डनला त्यातलं पुष्कळ कळत होतं, हीच तर अडचण होती.

तेहेतीस वर्षं त्यानं ट्रक चालवला होता, नेब्रास्कातून थेट ओरेगनपर्यंत. बेक्का आणि कर्ट, दोन्ही मुलं त्याच्या माघारी मोठी झाली. निवृत्त झाला त्या हिवाळ्यात तो दिवसचे दिवस खिडकीशी बसून बर्फ बघायचा. एकदा लावॉन बाहेर गेली असताना त्यानं फोटोंचा खण उपसला आणि जेवणाच्या टेबलावर वर्षावार ढिगारे लावले. तिची गाडी वाजली तसे घाईघाईनं सगळे परत कोंबले; खण अर्धवट उघडाच राहिला. काही दिवसांनी लावॉननं पहिलं किट मागवलं. खणातले फोटोही तिनं बुटांच्या खोक्यात घालून तळघरात नेऊन ठेवले. या जास्तीच्या प्रती आहेत, म्हणाली.

डबा आला की ती तो घेऊन वरच्या खोलीत जायची. दार लावून दुपारभर तिथेच. संध्याकाळी उरलेलं सामान तळघराच्या जिन्यापाशी ठेवायची. "हे टाकून दे रे," म्हणायची. लावॉन भलतीच उधळी. जवळजवळ सगळं सामान कोरंच असायचं.

एल्डननं त्यातलं काहीच टाकलं नव्हतं. तळघरात, करवती-पान्यांच्या मागे, त्याच्या चार वह्या तयार झाल्या होत्या. प्रत्येक फोटोखाली तारीख, आणि त्याखाली बारीक अक्षरात, त्या दिवशी तो कुठे होता ते. ट्रकच्या जुन्या नोंदवह्या त्यानं जपून ठेवल्या होत्या, म्हणून सगळं सापडत होतं. "बेक्का सात वर्षांची झाली. मी वायोमिंगमध्ये, बर्फात अडकलेलो." "कर्टचा पहिला दात पडला. मी आयडाहोत, टायर बदलत होतो."

हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सकाळच्या कॉफीला जमणारे जुने ट्रकवाले हसून हसून लोळले असते. आणि लावॉन काय म्हणाली असती, ते त्याला कल्पनाही करवत नव्हतं. पाचवी वही अर्धी झाली होती. वायोमिंगचा बर्फ गुलाबी लेसवर कसा चिकटवायचा?

त्यानं बोट तिसऱ्या डब्यावर ठेवलं. "हा."

"नकाशे आणि बाण? लावॉनला?"

"आवड बदललीय तिची." त्याचे कान तापले.

ट्रूडीनं त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, अर्जावर लावॉनचं नाव लिहिलं आणि नकाशांचा या महिन्याचा डबा पिशवीत घालून दिला.

घरी येताना तो दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबला. बायकोचा एकच छंद, आणि आपण त्यातही स्वतःचंच बघितलं. तेहेतीस वर्षं आपल्या वेळापत्रकावर घर चाललं, ते काय कमी होतं?

स्वयंपाकघरात रुबार्बच्या आंबटगोड 'पाय'चा वास दरवळत होता. लावॉननं हात पुसले, डबा उघडला आणि कागद एकेक करून टेबलावर मांडले. नकाशा हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

"लावॉन," एल्डनच्यानं राहवेना, "ते मी तुझ्यासाठी नाही घेतलं. माझ्यासाठी घेतलं."

"तुझ्यासाठी?"

"तू टाकायला दिलेलं मी टाकत नाही. खाली मुलांच्या वह्या केल्यात. चार झाल्या, पाचवी चाललीय. दुकानात खोटं बोललो मी. उद्या जाऊन तुला फुलांचं आणून देतो."

लावॉननं 'पाय'चा मोठा तुकडा कापला आणि बशी त्याच्यापुढे सरकवली.

"काही जाऊ नकोस. चांगलं आणलंयस."

"अगं, पण तुझ्या स्क्रॅपबुकला हे शोभणार कसं?"

"कसलं माझं स्क्रॅपबुक?" लावॉन काटा शोधत म्हणाली. "सहा वर्षांत मी एक फोटो चिकटवलेला नाही, एल्डन. वर जाऊन मस्त झोपते मी."