मिक्सरमधला दिवा

कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर जुना आणि महाहट्टी. लॅपटॉप जोडला की पडद्यावर एकच उत्तर यायचं : संपर्क नाही. दुरुस्तीला आलेल्या काकांनी केबल बदलली, लॅपटॉप आणि कंट्रोलरच्या बोलण्याचा वेग जुळवून पाहिला, पोर्टात फुंकरही मारली. अख्खी दुपार त्यातच गेली.

"एकदा बंद करून चालू करा ना, काका," सुपरवायझर बाई वैतागून म्हणाल्या. "लाइन सकाळपासून उभी आहे."

काकांनी स्विचकडे हात नेला आणि तेवढ्यात संपर्क जुळला. पडद्यावरचे सगळे दिवे विझलेले होते. एकच पेटलेला होता : 'आत माणूस आहे'.

काकांना हसू आलं. ही त्यांच्या उस्तादांची करामत. मिक्सर धुवायला त्याच्या भल्यामोठ्या पिंपात उतरलेला माणूस आतली चावी फिरवायचा, हा दिवा लागायचा, आणि मग मिक्सर काही केल्या फिरायचा नाही.

"मिक्सर कुठाय?"

"तो मागच्याच वर्षी भंगारात गेला की."

बाईंनी दाखवलं तिथे फरशीत बोल्टांची चार भोकं उरली होती. काकांनी पॅनलमधली, त्या चावीकडून येणारी वायर चाचपली. वीतभरावर ती कापलेली होती.

म्हणजे बंद करायला हरकत नव्हती. पण स्विच पाडण्याआधी हाक मारायची, ही उस्तादांनी लावलेली सवय.

"कुणी आहे का आत?" रिकाम्या फरशीकडे बघत काकांनी ओशाळून विचारलं. बाई खुदकन हसल्या.

दिवा विझला. काकांनी श्वास सोडला.

मग तो पेटला, विझला, पेटला. घाईघाईनं, पुन्हा पुन्हा.